रंगीत माशांच्या दुकानाला कुलूप लावण्याआधी : पशुसंवर्धन व मत्स्यव्यवसाय खात्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सचिव, पशुसंवर्धन, दुग्धव्यवसाय विकास व मत्स्यव्यवसाय, महाराष्ट्र शासन
मा. आयुक्त, मत्स्यव्यवसाय
मा. अध्यक्ष व सदस्य, राज्य प्राणी कल्याण मंडळ

विषय : शोभिवंत माशांच्या स्थानिक दुकानांची नोंदणी आणि जिवंत माशांची ऑनलाइन विक्री

महोदय / महोदया,

भीमेच्या पट्ट्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात रंगीत माशांचं एकच दुकान आहे. बसस्थानकामागच्या गल्लीत एक लहानसा गाळा, तिन्ही भिंतींना लोखंडी मांडण्या आणि त्यांवर टाक्या. नवरा-बायको मिळून चालवतात. पूर्वी लव्हबर्डही ठेवायचे, ते त्यांनी केव्हाच बंद केलं. आता फक्त मासे, माशांचं खाद्य, पंप, फिल्टर, औषधं. या दुकानाला स्थानिक नगरपरिषदेची नोटीस आली आहे. ‘पाळीव प्राणी दुकान नियम, २०१८’ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्र सादर करा, अन्यथा गाळा सील केला जाईल, असं तिच्यात लिहिलं आहे.

प्रमाणपत्र काढायला दादा (सगळं गाव त्यांना दादाच म्हणतं, नाव मुद्दाम लिहीत नाही) जिल्ह्याच्या ठिकाणी पशुसंवर्धनाच्या कार्यालयात गेले. मासे आमच्याकडे येत नाहीत, मत्स्यव्यवसायकडे जा, असं त्यांना सांगण्यात आलं. तिकडे गेल्यावर कळलं की तिथे तलावांचे ठेके, मत्स्यबीज, होड्या-जाळी आणि अनुदानाची प्रकरणं पाहिली जातात. दुकानाला द्यायचं असं कुठलंही प्रमाणपत्र त्यांच्याकडे नाही. दोन्हीकडची माणसं नीट बोलली, याचीही नोंद करते. त्यांच्या हातात काही नव्हतं. पण ही दोन्ही खाती मंत्रालयात एकाच विभागात बसतात, आणि एक माणूस दुकान बंद ठेवून, एसटीचे पैसे घालून त्या दोघांमध्ये हेलपाटे मारतो आहे. म्हणून हे पत्र आपल्याला लिहिते आहे, आणि ते सगळ्यांनी वाचावं म्हणून उघडपणे लिहिते आहे.

नोटिशीत ज्या नियमांचा हवाला आहे त्यांची प्रत मी मिळवून वाचली. त्यात पाळीव प्राणी म्हणजे कोण ते सांगितलं आहे : कुत्रा, मांजर, ससा, गिनीपिग, हॅमस्टर, उंदराच्या जातीचे प्राणी आणि पिंजऱ्यातले पक्षी. मासे त्या यादीत नावाने नाहीत. माशांसाठी केंद्राने २०१७ साली वेगळे नियम काढले होते. काचेच्या गोल भांड्यात मासे ठेवायला त्यांत बंदी होती, १५८ जातींच्या विक्रीवर बंदी होती, दुकानाला पशुवैद्य आणि मत्स्यतज्ज्ञ ठेवण्याची अट होती. देशभरच्या व्यापाऱ्यांनी आणि माशांची पैदास करणाऱ्यांनी विरोध केला आणि ते नियम नंतर मागे घेतले गेले. त्यातल्या काही अटी लहान दुकानाला झेपणाऱ्या नव्हत्याच, हे मला मान्य आहे. पण ते मागे घेतल्यावर त्यांच्या जागी झेपतील असे नियम यायला हवे होते. ते आले नाहीत. १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा माणूस सोडून प्रत्येक सजीवाला प्राणी मानतो, म्हणजे मासा त्यात येतो. त्या कायद्यात क्रूरतेच्या पहिल्या गुन्ह्याला दंड किती, तर १० ते ५० रुपये. एवढ्यात आज धड एक फायटर मासाही येत नाही.

तेव्हा आजची स्थिती अशी आहे की माशाला कायदा आहे पण नियम नाहीत, आणि जे नियम त्याला लागू आहेत की नाहीत हेच स्पष्ट नाही त्यांच्या आधारे त्याचं दुकान बंद व्हायची वेळ आली आहे.

मी इथल्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं आणि आता निवृत्त आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत खिडकीपासून जरा आत एक तीन फुटी टाकी आहे, ती याच दुकानातून आली. नत्रचक्र पुस्तकात बाणांच्या आकृतीत असतं आणि मुलं ते पाठ करून विसरतात. टाकीत मात्र ते डोळ्यांसमोर घडतं. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो, एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्याचं नायट्रेट करतात. पहिले दोन माशाला विषारी आहेत, तिसरं बऱ्यापैकी सोसतं. हे जिवाणू नव्या टाकीत नसतात. ते फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून नवी टाकी आणली, त्याच दिवशी दहा मासे सोडले आणि आठवड्याभरात सगळे मेले, ही गोष्ट घरोघरी घडते. लोक म्हणतात, मासे आमच्याकडे टिकतच नाहीत. मुलं रडतात, टाकी माळ्यावर जाते.

दादा टाकीबरोबर मासे देत नाहीत. गिऱ्हाइकाने कितीही हट्ट केला तरी देत नाहीत. ‘टाकी आज न्या, पाणी भरून पंप चालू ठेवा, मासे नंतर न्या,’ असं सांगतात आणि स्वतःच्या चालू फिल्टरमधला जुना, मळका दिसणारा स्पंज पिशवीत घालून देतात. त्या मळक्या स्पंजावर जिवाणूंची वस्ती असते आणि त्यामुळे नवी टाकी लवकर तयार होते. त्याचे ते पैसे घेत नाहीत. आलेलं गिऱ्हाईक त्या दिवशी रिकाम्या हाताने परत पाठवणं लहान दुकानदाराला परवडत नाही, तरी ते पाठवतात. प्राणी कल्याण म्हणून जे काही आपण कागदावर लिहितो, ते आमच्या गावात या गाळ्यात होतं.

आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती बाहेरून दिसत नाही. आमचं पाणी बोअरचं, जड, क्षारांचं. निऑन टेट्रासारखा मऊ पाण्यातला मासा इथे कुढत जगतो. मॉली, गप्पी, प्लॅटी मात्र मजेत राहतात. नळाला क्लोरीनचं प्रमाण कधी वाढतं, उन्हाळ्यात टँकरचं पाणी येतं तेव्हा काय करायचं, लोडशेडिंगमध्ये पंप बंद पडला की कोणत्या टाकीतले मासे आधी वर येऊन तोंड मारू लागतात, हे गावातल्या दुकानदाराला ठाऊक असतं. चेन्नईच्या कोळत्तूरहून किंवा कोलकात्याहून आलेला माल ते पहिले काही दिवस वेगळ्या टाकीत, खडे मीठ घालून ठेवतात. पांढरे ठिपके दिसले तर ती खेप विकत नाहीत. म्हणजे गिऱ्हाइकाच्या घरी जाणारा मासा आमच्या पाण्याला सरावलेला असतो.

आता माझ्या तक्रारी.

पहिली तक्रार नोटिशीबद्दल आहे आणि ती वर आलीच आहे. कायद्याची अंमलबजावणी करणाऱ्या यंत्रणेला कायदा कोणाला लागू आहे हे ठाऊक असायला हवं, आणि नसेल तर ते वरून लेखी कळवायला हवं. ते काम आपलं आहे.

दुसरी तक्रार ऑनलाइन विक्रीची. आमच्या गावातली मुलं आता मोबाइलवर मासे मागवतात. फोटोत झगमगणारा मासा, खाली किंमत आणि त्याखाली एक ओळ : मासा मेलेला पोचला तर खोकं उघडतानाचा व्हिडिओ पाठवा, दुसरा पाठवू. ही सोय म्हणून लिहिलेली असते. माझ्या माजी विद्यार्थ्याने मागवलेलं असं एक खोकं मी पाहिलं. वर ‘ॲक्वेरियम ॲक्सेसरीज’ लिहिलेलं, आत थर्माकोल, त्याच्या आत प्राणवायू भरलेल्या पिशव्या. दोनअडीच दिवसांचा प्रवास, त्यात कुठल्या तरी गोदामात एक दुपार. चारांतले तीन मासे उताणे झाले होते. चौथ्याला वाचवायला तो दादांकडेच धावला. बंद पिशवीत माशाच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साचतो, पाणी आम्लधर्मी होतं, त्यामुळे साचलेला अमोनिया तेवढ्यापुरता कमी विषारी राहतो. पिशवी उघडली की वायू उडून जातो, पाण्याचा सामू (पीएच) वर चढतो, म्हणजे आम्लता उतरते, आणि तोच अमोनिया माशाचा जीव घेतो. म्हणून लांबून आलेली पिशवी उघडी ठेवून तासभर तरंगवायची नसते. हे त्या मुलाला विक्रेत्याने सांगितलं नव्हतं. दादांनी त्याला ते समजावून सांगितलं, मासा त्यांच्याकडून घेतला नव्हता तरीही.

१९७८च्या प्राणी वाहतूक नियमांत कुत्री-मांजरं, माकडं, गुरं, घोडे, शेळ्या-मेंढ्या यांची वेगवेगळी प्रकरणं आहेत, पुढे कोंबड्या आणि डुकरांचीही भर पडली. माशांचं प्रकरण नाही. ज्या विक्रेत्याचा पत्ता नाही, टाक्या कोणी पाहिलेल्या नाहीत, त्याला नोटीस कोण काढणार? गल्लीतला गाळा समोर दिसतो, त्याच्या शटरवर कागद चिकटवता येतो, म्हणून कारवाई तिथे होते. मला हा अन्याय वाटतो.

तिसरी तक्रार सगळ्यांत मोठी आहे आणि ती एका दुकानापुरती नाही. ती भीमेवरच्या उजनी धरणाची आहे.

उजनीच्या पाण्यात मासेमारी करणाऱ्या कोणालाही विचारा, सकर माशाचं नाव काढताच तो कपाळावर हात मारून घेईल. दक्षिण अमेरिकेतला हा मासा, टाकीच्या काचेवरचं शेवाळ खातो म्हणून बोटाएवढा असताना विकला जातो. अंगावर कठीण खवल्यांचं चिलखत, परांना काटे. टाकीत तो वाढत जातो, दीड फुटांपर्यंतही जातो, टाकी अपुरी पडते आणि मग एखाद्या संध्याकाळी कोणीतरी ‘जीव जगू दे’ म्हणून त्याला नदीत, तळ्यात सोडून येतं. देशातल्या अनेक नद्या-तलावांत ही जात अशीच टाक्यांतून पसरल्याचं अभ्यासक सांगतात. पाण्यातला प्राणवायू कमी झाला तर तो वर येऊन हवा गिळतो, काठात बिळं करतो, त्याला खाणारा इथे फारसा कोणी नाही. जाळ्यात आला की काट्यांनी जाळं फाडतो. बाजारात त्याला किंमत नाही. माझ्या वर्गात भोई-कोळी समाजाची मुलं असायची. त्यांच्या घरची माणसं आज पहाटे जाळं ओढून आधी सकर वेगळे काढतात आणि मग जाळं शिवायला बसतात.

या दुखण्याची सुरुवात काउंटरवर होते, घेणाऱ्याला ‘हा केवढा होणार’ हे कोणी सांगत नाही तिथे. आणि शेवट नदीकाठी होतो, कारण नको झालेला मासा परत घेणारं कोणी नसतं. दादा सकर विकायचे थांबले आहेत. जुन्या गिऱ्हाइकांचे वाढलेले सकर, ऑस्कर, ‘शार्क’ म्हणून विकला जाणारा पंगास, असे मासे ते परत घेतात आणि मागच्या मोठ्या टाकीत ठेवतात. शाळेतही आम्ही फळ्यावर लिहून ठेवलं होतं की टाकीतला मासा नदीत सोडायचा नाही, दादांकडे द्यायचा. उद्या ते दुकान बंद झालं तर त्या मुलांनी मासा कुठे न्यायचा? मोबाइलवरचा विक्रेता परत घेत नाही. नगरपरिषद घेत नाही. आपल्या कोणत्या कार्यालयात नेऊन द्यायचा, ते आपण सांगा. गावात दार असलेलं, परत येऊन बोलता येईल असं एकच ठिकाण आहे आणि आपण तेच बंद पडू देता आहात.

हेच लाल कानांच्या कासवांचं. उत्तर अमेरिकेतलं हे कासव रुपयाच्या नाण्याएवढं असताना घरात येतं, ताटाएवढं झाल्यावर मंदिराच्या तळ्यात जातं. जगातल्या सर्वांत उपद्रवी शंभर परक्या जातींच्या यादीत त्याचं नाव आहे. ते सोडणाऱ्या माणसाला आपण पुण्य करतो आहोत असं वाटत असतं. त्याला रागावून उपयोग नाही. त्याला जागा दाखवावी लागेल. (हिवतापासाठी आपलंच आरोग्य खातं गप्पी मासे डबक्यांत, टाक्यांत सोडायला देतं. गप्पीसुद्धा इथला नाही. कोणता मासा कुठे सोडायचा आणि कुठे नाही, हे सांगायची जबाबदारी सरकारवरही येते ती अशी.)

चौथी तक्रार आपल्याच योजनांमधल्या विसंगतीची. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत २०२०पासून रंगीत माशांच्या संगोपनाला मदत मिळते. परसातल्या युनिटचा खर्च ३ लाख रुपये धरला आहे, मध्यमचा ८ लाख, मोठ्या एकात्मिक युनिटचा २५ लाख. सर्वसाधारण गटाला ४० टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान. कोकणात कांदळवनांच्या काठच्या गावांत बचत गटांच्या बायकांनी शोभिवंत मासे वाढवावेत म्हणून राज्याचीही योजना आहे. २०२५ साली राज्याने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. या सगळ्याचं मी मनापासून स्वागत करते. पण एखाद्या ताईने परसात मॉली आणि गप्पी वाढवले, तर ते विकणार कोण? तिला रोज मुंबईला पाठवणं परवडणार नाही. तिचा माल तालुक्याच्या दुकानात जाणार. आपण एका हाताने पैदास वाढवतो आहोत आणि विक्रीचं दुकान दुसऱ्या हाताने मिटवतो आहोत.

पाचवी गोष्ट तक्रार म्हणून नाही, आठवण म्हणून. २०२०च्या टाळेबंदीत सगळी दुकानं बंद झाली, तेव्हा या गाळ्यात शेकडो जीव पाण्यात होते. खाद्य घालायला आणि पंप पाहायला तासभर शटर उघडू द्या, एवढी परवानगी मिळवायला दादांना फार धावपळ करावी लागली. माशांचं दुकान कोणत्याच खात्याच्या वहीत नव्हतं, म्हणून परवानगी कोणाकडे मागायची हेच कोणाला ठाऊक नव्हतं. पुन्हा पूर आला, पुन्हा संचारबंदी लागली, तर आजही नसेल.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. सगळी दुकानं अशी नाहीत. मी शहरांतून अशी दुकानं पाहिली आहेत जिथे पारदर्शक माशाच्या अंगात सुईने रंग भरून तो ‘कलर ग्लासफिश’ म्हणून विकतात, फायटर चहाच्या पेल्याएवढ्या डब्यात महिनाभर ठेवतात. फायटरला हवा गिळून श्वास घ्यायचं इंद्रिय असतं म्हणून तो तिथे मरत नाही, पण याला जगवणं म्हणत नाहीत. गोल्डफिशचं गोल भांडं तर घराघरांत आहे. नीट ठेवला तर दहा वर्षं आणि अधिक जगणारा मासा त्यात काही महिन्यांत संपतो. कुठे मागच्या खोलीत पिंजऱ्यात पोपट आणि मुनिया असतात, गिऱ्हाइकाने हळू आवाजात विचारलं की बाहेर येतात. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते गुन्हा आहे आणि अशा दुकानांवर आज कारवाई केलीत तर मी आपल्या बाजूने उभी राहीन. आठ आठवड्यांच्या आतलं कुत्र्याचं पिल्लू आईपासून तोडून विकणाऱ्यालाही दया नको. मी सवलत मागत नाही. चांगलं दुकान आणि वाईट दुकान यांतला फरक करील अशी तपासणी मागते आहे. सरसकट नोटिशीने तो फरक होत नाही. उलट वाईट दुकानदार माल घरी हलवतो, मोबाइलवर विकायला लागतो आणि सुटतो. नियमाने वागणारा सापडतो.

आपल्याकडे ज्ञान नाही असंही नाही. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था १९६१पासून आहे. रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं. आमच्या शाळेच्या सहली तिथे जायच्या आणि मुलं काचेला नाक लावून उभी राहायची. कोविडमध्ये त्याची दारं बंद झाली. गावातल्या मुलाला जिवंत मासा जवळून पाहायला आता दादांचा गाळाच उरला आहे. शाळा सुटल्यावर तिथे घोळका असतो, एकही मासा न घेता तासभर उभा. दादा त्यांना हाकलत नाहीत. एंजल माशांच्या जोडीने पानावर अंडी घातली की स्वतः बोलावून दाखवतात.

हे पत्र वाचणाऱ्या मासे पाळणाऱ्या मंडळींनाही एक विनंती. मासा, पक्षी, ससा, जे काही घ्याल ते स्वतः दुकानात जाऊन, टाकी आणि पिंजरा डोळ्यांनी पाहून घ्या. तळाशी मेलेले मासे पडले आहेत का पाहा. हा केवढा होतो, किती वर्षं जगतो, मला नको झाला तर परत घ्याल का, असं विचारा. उत्तर देता येत नसेल ते दुकान सोडा. उत्तर देणारं असेल तिथे चार पैसे जास्त द्या, पंप आणि खाद्यही तिथूनच घ्या. अशी दुकानं माशांवर जगत नाहीत, खाद्यावर आणि सामानावर जगतात. सल्ला दुकानात घ्यायचा आणि सामान मोबाइलवर मागवायचं, हे आपण थांबवलं पाहिजे.

आपल्याकडे माझ्या मागण्या अशा आहेत.

१. २०१८चे पाळीव प्राणी दुकान नियम फक्त मासे विकणाऱ्या दुकानांना लागू आहेत की नाहीत, हे राज्य प्राणी कल्याण मंडळाने सर्व महानगरपालिका, नगरपरिषदा आणि नगरपंचायतींना लेखी कळवावं. तोवर या कारणासाठी कोणतंही दुकान सील करू नये.

२. माशांच्या दुकानांसाठी वेगळी, सोपी नोंदणी सुरू करावी. अर्ज मराठीत, जिल्ह्यात एकाच खिडकीवर, शुल्क टाक्यांच्या संख्येनुसार. (२०१८च्या नियमांतलं ५,००० रुपयांचं शुल्क चार टाक्यांच्या दुकानाला जड आहे.) अटी मोजक्या असाव्यात पण कडक पाळल्या जाव्यात : गोल भांडी नाहीत, रंग टोचलेले मासे नाहीत, नव्या मालासाठी वेगळी टाकी, वीज गेल्यावर चालणारा पंप, मेलेल्या माशांची नोंदवही. आणि प्रत्येक टाकीवर मराठीत पाटी : मासा पूर्ण वाढल्यावर केवढा, टाकी किती फुटी हवी, आयुष्य किती.

३. जिवंत मासे ऑनलाइन विकणाऱ्यालाही तीच नोंदणी सक्तीची करावी आणि जाहिरातीत नोंदणी क्रमांक छापायला लावावा. माशांच्या वाहतुकीचे नियम करण्यासाठी राज्याने केंद्राकडे लेखी मागणी करावी.

४. सकर आणि लाल कानांचं कासव यांची विक्री राज्यात थांबवावी. लोकांकडे आधीच असलेले परत घेण्याची सोय प्रत्येक जिल्ह्यात मत्स्यव्यवसाय खात्याने करावी. जे दुकानदार परत घेतात त्यांना त्याचा खर्च द्यावा. उजनीतल्या मच्छीमारांनी पकडलेल्या सकरचं काय करायचं यावरही त्यांच्याशी बसून बोलावं.

५. वर्सोवा आणि रत्नागिरीच्या संस्थांच्या मदतीने दुकानदारांसाठी मराठीतून, जिल्ह्याच्या ठिकाणी, दुकान फार दिवस बंद ठेवावं लागणार नाही इतकं छोटं प्रशिक्षण ठेवावं. तपासणीला येणाऱ्या कर्मचाऱ्यांनीही ते करावं.

६. मत्स्यसंपदा योजनेतल्या परसातल्या युनिटांची आणि नोंदणीकृत दुकानांची यादी एकमेकांना द्यावी.

यातली पहिली मागणी पूर्ण करायला पैसा लागत नाही, नवा कायदा लागत नाही, एक परिपत्रक लागतं. दादांच्या नोटिशीची मुदत या महिनाअखेर संपते आहे. त्याआधी ते परिपत्रक निघावं. निघणार नसेल तर त्या टाक्यांतल्या माशांची व्यवस्था कोणत्या कार्यालयाने, कशी करायची, ते तरी लेखी कळवावं. नगरपरिषदेकडे मी हीच विचारणा केली आहे आणि अजून उत्तर आलेलं नाही.

आपली,
भीमाकाठची एक निवृत्त विज्ञान शिक्षिका